इटलीतलं आजचं फिगरेटिव्ह पेंटिंग आणि १९८४ चा तो शिक्का : पार्श्वभूमी

जोत्तो ते काराव्हाज्जो हे जुने इटालियन मास्टर्स सगळ्यांना माहितीच आहेत, ते सोडून देऊ. आजचे इटालियन चित्रकार परत माणूस रंगवतायत (हेच फिगरेटिव्ह पेंटिंग, चित्रातली माणसाची आकृती म्हणजे फिगर) त्यामागची खरी भानगड विसाव्या शतकातली आहे. १९१९ मध्ये, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, तेव्हा रोमच्या एका कलामासिकात एका मोठ्या चित्रकाराने लिहिलं की कारागिरीकडे परत चला, आधी पुतळे बघून ड्रॉइंग शिका, कॅनव्हास आणि रंग स्वतः तयार करा. मग १९२२ मध्ये मिलानला जो ग्रुप जमला तो फॅसिस्ट सत्तेच्या फार जवळ गेला, १९२६ च्या त्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन तर खुद्द हुकूमशहाने केलं, आणि तिथून माणूस नीट काढणारा चित्रकार म्हणजे प्रतिगामी अशी समजूत पडली. ही समजूत चुकीचीच आहे. १९४१ चं 'क्रोचिफिस्सिओने', म्हणजे येशूला क्रुसावर चढवतानाचं चित्र, एका कम्युनिस्ट चित्रकाराचं, त्याला १९४२ मध्ये बेर्गामोला दुसरं बक्षीस मिळालं आणि चर्चकडून जोरदार विरोध झाला. १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेत्यानेच टोपणनावाने लिहून बोलोन्यातल्या आधुनिक चित्रांना अक्राळविक्राळ ठरवलं. म्हणजे फिगर डाव्यांनाही हवी होती, उजव्यांनाही.

मधे १९४७ चा चार चित्रकारांचा जाहीरनामा आला, पोस्ट-इम्प्रेशनिझमपासून (एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची चित्रशैली) पुढचं सगळं नाकारणारा. दोनेक वर्षांत ग्रुप फुटला, पण त्यातल्या एकाने जुन्या पद्धतीच्या टेम्परात (अंड्यात कालवलेल्या रंगात) इंग्लंडच्या राणीचं पोर्ट्रेट केलं आणि १९५५ मध्ये ते बघायला लंडनला झुंबड उडाली. समीक्षकांनी मात्र त्याला कायम दाराबाहेरच ठेवलं. १९६७ नंतर तर माती, लोखंड, चिंध्या वापरणाऱ्यांचं राज्य आलं.

मग १९७९-८० ला ट्रान्सअव्हानगार्दिया नावाची चळवळ. पाच चित्रकार, एक समीक्षक, आणि १९८० च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) एकदम जगभर नाव. त्यातला एकजण मद्रासला राहून भारतीय लघुचित्रकारांबरोबर काम करायचा. हे लोक फिगर काढायचे, पण परंपरा त्यांच्यासाठी वाट्टेल तिथून उचलायचा साठा होता.

खरा वाद १९८४ चा, आणि मला वाटतं तो अजून मिटलेला नाही. त्या वर्षीच्या बिएनालेचे प्रमुख रोममधले एक कला-इतिहासकार होते, त्यांनी 'आरशातली कला' अशा नावाचा विभाग केला आणि त्यात जुन्या मास्टर्सच्या भाषेत रंगवणाऱ्या तरुण चित्रकारांना जुन्या कलेवरच नवी कला करणाऱ्या विसाव्या शतकातल्या बड्या नावांशेजारी बसवलं. या तरुणांना ते आनाक्रोनिस्ती (आपल्या काळात न बसणारे) म्हणायचे, दुसऱ्या एका समीक्षकाने पित्तुरा कोल्ता (सुसंस्कृत चित्रकला) म्हटलं, तिसऱ्याने इपरमानिएरिस्मो (अतिरीतिवाद), आणि तिघांच्या याद्यांत बरीच नावं तीच. आता बघा, एकजण सतराव्या शतकाच्या वळणाची निसर्गचित्रं करायचा, दुसऱ्याची माणसं स्वप्नातल्यासारखी, आणि तिसऱ्याने १९८०-८१ मध्ये 'ला कोस्तेल्लात्सिओने देल लेओने' (सिंह तारकासमूह) हे प्रचंड चित्र केलेलं, त्यात रोमचं अख्खं समकालीन कलाजगत निओक्लासिकल (प्राचीन ग्रीक-रोमन धर्तीच्या) पोशाखात बसलंय. या तिघांना एका आरशासमोर उभं करणं अन्यायच होता. त्यांना बिएनाले मिळाली हे चांगलंच झालं, नाहीतर कोणी बघितलंही नसतं, पण त्या विभागामुळे त्यांच्यावर असा शिक्का बसला की लोक चित्रात फक्त कुठून काय उचललंय तेवढंच शोधायला लागले, रंगाचे थर कसे दिलेत, शरीरावर उजेड कसा पडलाय, याकडे लक्षच गेलं नाही. पुढच्या पिढीलाही हेच भोगावं लागलं.

तोवर शिकवणं दुसरीकडे चालू होतं. १९९१ पासून फ्लोरेन्समध्ये एका अमेरिकन चित्रकाराने काढलेल्या शाळेत मॉडेल समोर ठेवून तासन् तास ड्रॉइंग करून घेतात, जगभरातून मुलं येतात. २०११ च्या बिएनालेत इटालियन पॅव्हिलियनमध्ये एका गाजलेल्या समीक्षकाने दोनशेहून जास्त कलाकार कोंबले, फिगरवाल्यांना भरपूर जागा, पण भिंती इतक्या खच्चून भरलेल्या की चांगलं कामही हरवलं आणि टीका झाली ती बहुतेक रास्त होती.

सिसिलीतल्या नोतोच्या कॅथेड्रलचा घुमट १९९६ मध्ये कोसळला, २००७ मध्ये ते परत उघडलं, नंतर तिथल्या क्रुसाच्या वाटेची (येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या प्रसंगांची) चौदा चित्रं १९७८ साली जन्मलेल्या, उघडपणे काराव्हाज्जोच्या वाटेने जाणाऱ्या चित्रकाराने केली. त्याच्याच वयाचा उत्तर इटलीतल्या रोमान्या भागातला दुसरा एकजण जुन्या धर्तीचं चित्र अगदी निगुतीने पूर्ण करतो आणि मग रंगाची कातडी सोलून काढतो. माझ्या मते परंपरेशी जास्त खोल झगडा या दुसऱ्याचा आहे. २०२३ मध्ये मिलानला १९६० ते २००० दरम्यान जन्मलेल्या १२० चित्रकारांचं प्रत्येकी एकच चित्र मांडलं गेलं, तिथे मात्र कोणाला कुठल्या एका गटाचं नाव दिलेलं नव्हतं.