बी.एड.-एम.एड.चा फॉर्म भरायचाय? आधी एम.ए.चं गुणपत्रक काढा

सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म सुटले की फॉर्म भरून देणाऱ्या आमच्या काउंटरवर एकच वाक्य रोज ऐकू येतं : "ते तीन वर्षांत बी.एड. आणि एम.एड. दोन्ही होतं ना, ते भरायचंय." विचारलं, "शिक्षण?" तर उत्तर येतं, "बी.ए. झालंय." तिथेच गाडी अडते. दिवसातून दहादा तेच सांगण्यापेक्षा हा कागद छापला.

तीन वर्षांचा बी.एड.-एम.एड. इंटिग्रेटेड हा पदवीनंतरचा कोर्स नाही. तो एम.ए., एम.एस्सी. झालेल्यांसाठी आहे. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीई या केंद्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के मागितले आहेत. नावात बी.एड. आधी येतं म्हणून बी.ए.वर चालेल असं वाटतं, पण चालत नाही.

गेल्या हंगामात एक ताई दुसरीकडून फॉर्म भरून आमच्याकडे आल्या. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होत्या आणि फॉर्मात 'अपिअर्ड' टाकलेलं. फी भरली गेली, परीक्षाही झाली, गुण तर मस्त होते. प्रवेशाच्या वेळी कागद तपासताना एम.ए.चा निकाल मागितला, तो कुठून आणणार? 'अपिअर्ड' म्हणजे शेवटच्या वर्षाला बसलेले, आणि त्यांचाही निकाल प्रवेशापर्यंत हातात हवा. सीईटीचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत, फी परत मिळत नाही. वर्षाचं नुकसान झालं ते वेगळंच.

टक्क्यांचंही तसंच. ५४.८३ म्हणजे ५५ नव्हे, कितीही गोड बोललं तरी. गुणपत्रकावर फक्त ग्रेड असेल तर टक्के काढायचं विद्यापीठाचं सूत्र बहुधा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. झेरॉक्स काढताना नेमकी तीच बाजू राहून जाते. दोन्ही बाजू आणा. आरक्षित प्रवर्गाची सवलत आम्ही त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत बघूनच सांगतो, आठवणीवर नाही.

मग बी.ए., बी.एस्सी.वाल्यांनी काय करायचं? सरळ दोन वर्षांचं बी.एड. बारावीनंतरच शिक्षक व्हायचं ठरलं असेल तर चार वर्षांचा आयटेप आहे, म्हणजे पदवी आणि बी.एड. एकत्र. त्याची परीक्षा वेगळी, ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते. आणि एक वर्षाच्या बी.एड.साठी थांबू का, असं विचारणाऱ्यांना : २०२५ मध्ये त्याच्या नियमांचा मसुदा आला तेव्हापासून लोक थांबलेत. सीईटीच्या यादीत तो कोर्स आम्हाला दिसला की आम्हीच फोन करू.

आता ज्यांचं एम.ए. झालंय त्यांच्यासाठी. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं आणि एम.एड.ही दोन वर्षांचं. वेगवेगळं केलं तर चार, एकत्र केलं तर तीन, म्हणजे एक वर्ष वाचतं. पण मधूनच बाहेर पडता येत नाही. दोन वर्षं झाली, बी.एड.चं सर्टिफिकेट द्या, मी निघतो, असं नियमात नाही. हे लग्न ठरत आलेल्या ताईंनी आणि घरचा धंदा बघणाऱ्या दादांनी आधी घरी बोलून घ्यावं.

शिवाय एम.एड. सगळ्यांनाच लागतं असंही नाही. बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल, पुढे नेट (प्राध्यापक पात्रता परीक्षा), पीएच.डी. करायची असेल, तर जरूर करा. शाळेतच शिकवायचं असेल तर बी.एड. पुरतं. सहावी ते आठवीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते, आणि सरकारी, अनुदानित शाळेसाठी टेट ही अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितलंय. तिथे डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., लागतं.

"पैसे देतोय ना, मग भरा की!" असं म्हणून काही जण रागावतात. आम्ही गुणपत्रक बघितल्याशिवाय फॉर्म उघडत नाही, ते यासाठीच. शेजारच्या दुकानापेक्षा आमचे पन्नास रुपये जास्त आहेत, हे खरं. त्यात टक्के काढणं, पुस्तिका बघणं आणि कागदतपासणीत त्रुटी निघाली तर ती दुरुस्त करून देणं आलं. त्रुटीचे वेगळे पैसे घेत नाही. नुसतं 'मी पात्रतेत बसतो का' एवढंच विचारायचं असेल तर तेही फुकट. रविवारी सकाळी गर्दी कमी असते, तेव्हा या. सीईटीच्या सरावाची बॅचही आहे, पण तिचं फॉर्म भरून झाल्यावर बोलू.

येताना दहावीपासूनची मूळ गुणपत्रकं, जातीचा दाखला असेल तर तो आणि नॉन क्रीमीलेयर आणा. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या, मामाच्या मुलाचा नको. गेल्या वर्षी असाच एकाचा मामाचा मुलगा पुण्याला नाइट शिफ्टला होता आणि आम्ही दोन तास ओटीपीची वाट बघत बसलो होतो. फोन चार्ज करून आणा, आमच्याकडे पिन एकच आहे.