प्लॅटिपसच्या पिल्लांचं संगोपन

प्लॅटिपस हा पूर्व ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातल्या नद्या-ओढ्यांत राहणारा प्राणी, अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो. पिल्लांचं सगळं आई एकटीच बघते, बाप मीलनानंतर तिकडे फिरकतही नाही.

व्हिक्टोरिया, न्यू साऊथ वेल्सकडे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर हा विणीचा हंगाम, क्वीन्सलंडमध्ये थोडा आधी. मादी नदीकाठच्या मातीत लांब बीळ खणते, कधीकधी 20 मीटरपर्यंतसुद्धा, आणि ओली पानं शेपटीखाली धरून आत नेते म्हणजे घरट्यात ओल राहते आणि अंडी सुकत नाहीत. बिळात ती मध्ये मध्ये मातीचे बांध पण घालते. अंडी बहुतेक वेळा दोन, जेमतेम 17 मिलिमीटरची, कवच चामड्यासारखं मऊ. शेपूट पोटाशी दुमडून ती त्यांना मध्ये धरून बसते, साधारण 10 दिवस.

बाहेर येणारं पिल्लू आंधळं, बिनकेसांचं, घेवड्याच्या दाण्याएवढं असतं. आईला स्तनाग्रं नसतात, पोटावरच्या त्वचेतून दूध पाझरतं आणि पिल्लं ते फरवरूनच पितात. असं उघड्यावर आलेलं दूध जंतूंसाठी आयतं खाद्य व्हायला हवं होतं, पण त्यात जंतू मारणारं एक प्रोटीन सापडलंय आणि त्याची घडी, म्हणजे रेणूची दुमडलेली रचना, आधी कुठल्याच प्रोटीनमध्ये दिसली नव्हती असं ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेच्या आणि डीकिन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं, मला तरी या प्राण्याबद्दलची ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

दूध पाजणं तीन-चार महिने चालतं. त्या काळात आईची भूक प्रचंड वाढते, पिल्लांना बिळात ठेवून ती पाण्यात किडे, अळ्या शोधत राहते.

हे सगळं जमिनीखाली होत असल्याने शास्त्रज्ञांना ते कळायला फार वेळ लागला. प्लॅटिपस अंडी घालतो की नाही यावरच युरोपात कितीतरी वर्षं वाद चालला, शेवटी 1884 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कॉल्डवेलने खात्रीचा पुरावा मिळवला, पण त्यासाठी ढिगाने प्राणी मारले गेले हे वाचून वाईट वाटतं. बंदिवासात पहिलं पिल्लू व्हिक्टोरियातल्या हिल्सव्हिलच्या प्राणी अभयारण्यात डेव्हिड फ्ले यांनी 1943-44 च्या हंगामात वाढवलं, जॅक आणि जिल ही त्याच्या आईबापांची नावं. नंतर पन्नासेक वर्षं हे कोणालाच परत जमलं नाही.

दक्षिणेत जानेवारी ते मार्चच्या सुमारास पिल्लं बिळाबाहेर पडतात, तोवर त्यांचे दुधाचे दात गळून जातात. पुढे सगळं स्वतःच शिकायचं. यब्बी (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) पकडायच्या बंद जाळ्यांत अडकली की श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि बुडून मरतात, म्हणून व्हिक्टोरियाने 2019 मध्ये तसल्या जाळ्यांवर बंदी घातली.