धरण ठणठणीत, तरी धोका मोठा

‘मोठ्या धोक्याचं धरण’ असा शेरा वाचला की भिंतीला तडे गेले असणार, असं वाटतं. पण अनेक देशांच्या वर्गवारीत हा शेरा भिंतीबद्दल नसतोच. धरण फुटलं तर खाली किती माणसं पुरात सापडतील, एवढंच तो सांगतो. नुकतं बांधलेलं, ठणठणीत धरणही या वर्गात बसू शकतं. खाली नदीकाठी नवी वस्ती झाली, तर जुनं धरणही या वर्गात जाऊन बसतं.

फुटण्याची शक्यता किती, हा हिशेब वेगळा. त्यासाठी अभियंते आधी धरण फुटलंच आहे असं धरून चालतात आणि उलट्या दिशेनं कारणं शोधत जातात. सांडवा अपुरा पडून पाणी माथ्यावरून गेलं? ऐन पुरात दरवाजे अडकले? की भरावाच्या पोटातली माती वाहून गेली? हे शेवटचं सगळ्यात फसवं. मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाझर स्वच्छ आहे आणि जलाशयाच्या पातळीप्रमाणे कमीजास्त होतोय, तोवर ठीक. तो गढूळ झाला, की पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय. म्हणून पाझर रोज मोजणारा आणि त्याचा रंग पाहणारा कर्मचारी मला महागड्या उपकरणांइतकाच मोलाचा वाटतो.

अमेरिकेतलं ९३ मीटर उंचीचं टीटन धरण ५ जून १९७६ रोजी असंच गेलं. सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या सुमारास भराव फुटला. मधल्या वेळात खालच्या गावांना सांगावा गेला होता. बळी गेले ११. पुढच्याच वर्षी त्याच देशातलं केली बार्न्स हे जेमतेम १२ मीटरचं धरण मध्यरात्रीनंतर, लोक झोपेत असताना फुटलं. तिथे ३९ जण दगावले. पाणी कितीतरी कमी होतं, पण कुणाला काही कळलंच नव्हतं.

म्हणूनच धरणफुटीचा नकाशा महत्त्वाचा: पाणी कुठवर येईल, किती खोल असेल आणि किती वेळात पोहोचेल. सुरक्षेचं कारण देऊन हे नकाशे कधी कधी कपाटात ठेवले जातात. मला ते पटत नाही. ज्याच्या घरात अर्ध्या तासात पाणी शिरणार आहे, त्याला कुठल्या वाटेनं चढावर पळायचं हे आधीच माहीत हवं.

नुसता भोंगा बसवूनही भागत नाही. ब्राझीलमधल्या ब्रुमादिन्यो इथे २०१९ साली खाणीचा गाळ साठवणारा बांध फुटला, तेव्हा भोंगे वाजलेच नाहीत. २७० जण गेले. कामगारांचं उपाहारगृह बांधाच्या थेट खाली, गाळाच्या वाटेवरच होतं.