परकीय चलन विनिमय

एका देशाचे चलन देऊन दुसऱ्या देशाचे चलन घेण्याचा व्यवहार. आयात-निर्यात, परदेशी कर्जाची फेड, गुंतवणूक, मुलांच्या परदेशी शिक्षणाची फी, सगळी देणी याच वाटेने भागतात. विमानतळावरच्या काउंटरवर मिळणाऱ्या नोटा हा त्यातला सर्वांत छोटा आणि बहुधा सर्वांत महाग भाग. बाकी सारा व्यवहार बँकखात्यांतल्या नोंदींचा.

मशीद बंदरचा सुकामेव्याचा व्यापारी कॅलिफोर्नियाहून 50,000 डॉलरचे बदाम मागवतो, तेव्हा डॉलर मुंबईत फिरकतही नाहीत. त्याची बँक त्याच्या खात्यात रुपये नावे टाकते आणि न्यूयॉर्कमधल्या आपल्या ‘नोस्ट्रो’ खात्यातून (परदेशी बँकेत तिथल्या चलनात ठेवलेले खाते) डॉलर देण्याचा संदेश ‘स्विफ्ट’ या बँकांच्या संदेशजाळ्यावरून पाठवते. समजा, आंतरबँक भाव 85.4000/85.4100 आहे. पहिला आकडा भाव देणाऱ्या बँकेच्या डॉलर खरेदीचा, दुसरा तिच्या विक्रीचा. आयातदाराला दुसरा लागतो. त्यावर बँकेने 5 पैसे चढवले की 85.46 ने 42,73,000 रुपये होतात. त्यातले 2,500 रुपये निव्वळ त्या 5 पैशांचे. म्हणून ‘आज रेट काय?’ विचारण्यापेक्षा ‘मार्जिन किती?’ हे विचारलेले बरे.

‘कॅश’ सौदा त्याच दिवशी पुरा होतो, ‘टॉम’ कामकाजाच्या पुढच्या दिवशी, ‘स्पॉट’ त्याच्याही पुढच्या. दिवस मोजताना न्यूयॉर्कची सुटी विसरली की (4 जुलै हा नेहमीचा सापळा) पैसे उशिरा पोहोचतात. खरी जोखीम मात्र घड्याळातली. मुंबईत दुपारचे 12 वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात पहाटेचे 2:30 असतात. रुपये आधी जातात, डॉलर नंतर येतात. 26 जून 1974 रोजी जर्मनीतील हेरस्टाट बँक अशाच मधल्या वेळेत बंद झाली: समोरच्या बँकांनी जर्मन मार्क देऊन टाकले होते, त्यांचे डॉलर अडकले. भारतात 2002 पासून रुपया-डॉलरच्या आंतरबँक सौद्यांत क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया मध्ये उभी राहते आणि देणे-घेणे वजा करून उरलेली रक्कमच चुकती होते.

‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यासाठी आजच ठरवलेला भाव. त्याला पुष्कळ जण भाकीत समजतात. तो मुख्यतः दोन चलनांच्या व्याजदरांतल्या फरकावर बेततो. रुपयावरचे व्याज सहसा जास्त, म्हणून पुढच्या तारखेचा डॉलर महाग. माल वेळेत आला नाही आणि फॉरवर्ड सौदा रद्द करावा लागला, तर मधल्या काळात डॉलर घसरल्याचा फरक ग्राहकाच्याच माथी.

1973 च्या ‘फेरा’ (परकीय चलन नियमन) कायद्याखाली परवानगीविना व्यवहार हा फौजदारी गुन्हा होता. 1 जून 2000 पासून लागू असलेल्या ‘फेमा’ (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याने ते बहुतांशी दंडावर आणले. निवासी व्यक्तीला अनुमत कारणांसाठी आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात.

परदेशी पैसे पाठवण्याच्या अर्जातला शुल्काचा रकाना बरेच जण न वाचता भरतात. शुल्क दोघांत वाटून घेण्याचा पर्याय राहिला, तर वाटेतली बँक आपले शुल्क रकमेतूनच कापते. 50,000 चे बीजक मग काही डॉलरनी थकीत दिसते, आणि तेवढ्यासाठी पुन्हा नवा अर्ज, पुन्हा शुल्क.