हातमोजे घट्ट घेऊ नका : संगणकावर काम करणाऱ्या हातांसाठी

थंडी पडली की आमच्याकडे दोन निरोप येतात. पहिला : "अर्ध्या बोटांचे हातमोजे हवेत, दिवसभर टायपिंग असतं." दुसरा साधारण आठवड्याभराने, त्याच ग्राहकाचा : "मोजे सुंदर आहेत, पण बोटं गारच." एसीखाली बसणाऱ्यांचे निरोप तर बाराही महिने येतात. प्रत्येकाला तेच उत्तर लिहून बोटं आमचीच दुखायला लागली, म्हणून हे पत्रक छापलं. आता ते प्रत्येक पाकिटात घालतो.

दुसरा निरोप आला की आम्ही आधी विचारतो, माप कोणतं घेतलंत? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. "तक्त्यात मध्यम निघत होतं, पण लहान घेतलं, म्हणजे हाताला चपखल बसतील." एका ग्राहकाने फोटोच पाठवला होता. मोजा काढल्यावर मनगटाभोवती रिबच्या उभ्या रेघा उमटलेल्या, एकेक टाका मोजता येईल इतक्या स्पष्ट. खाली विचारलं होतं, "लोकर खरी आहे ना?" लोकर खरीच होती. माप चुकलं होतं.

हातमोजा स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब येते ती रक्तातून. मोजा फक्त आलेली ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि तेही लोकरीच्या धाग्यांमध्ये अडकून राहिलेल्या हवेच्या जोरावर. मोजा ताणून बसला की ही हवा निघून जाते, टाके फाकतात आणि मनगटावर दाब येतो. म्हणजे बोटांकडे जाणारी ऊब कमी आणि ती राखणारं अस्तरही पातळ. घट्ट मोज्याने हात गार पडतो तो असा. सैल मोजा ढगळ दिसतो हे मान्य, पण टेबलाखाली-टेबलावर तो बघणार कोण?

माप घेताना हात सपाट पसरू नका. कीबोर्डवर ठेवता तसा, बोटं थोडी वाकवून ठेवा. अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी तळहात जिथे सर्वात रुंद असतो तिथे टेप गुंडाळा. टेप आणि हात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट सहज सरकलं पाहिजे. टेप नसेल तर दोरी गुंडाळून ती पट्टीवर मोजा, पण दोरी ओढू नका. सगळा गोंधळ तिथेच होतो. ज्या हाताने माउस धरता त्याचं माप घ्या, आणि ते दोन मापांच्या मध्ये पडलं तर मोठं माप मागवा.

मोजे हातात आल्यावर एक साधी परीक्षा करा. मोजा घालून दहा मिनिटं काम करा, मग एका बोटाचं नख दाबून धरा आणि सोडा. पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. मोजा काढून थोड्या वेळाने त्याच बोटावर तेच करा. मोजा घातल्यावर जास्त वेळ लागत असेल तर तो घट्ट आहे. न धुतलेली जोडी बदलून द्यायला आमची काहीच हरकत नाही. धुतलेली मात्र घेत नाही. यावरून कधी कधी नाराजी होते, म्हणून कारणही सांगतो.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात, वीण आवळते आणि कापड जाड नमद्यासारखं होतं. ते पुन्हा सुटत नाही. मशीनमध्ये इतर कपड्यांबरोबर निघालेली मध्यम जोडी आमच्याकडे "चुकीचं माप पाठवलंत" या चिठ्ठीसह परत येते, तेव्हा ती लहान मापापेक्षाही लहान झालेली असते. एकदा तर जोडीतला एकच मोजा आवळला होता. दुसरा बहुधा पलंगाखाली राहून वाचला असावा. म्हणून गार पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता धुवा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट वाळत घाला. टांगलेत तर उलटाच त्रास, लांबी वाढते.

आता बोटांची टोकं उघडी का ठेवतो, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. टचपॅड आणि टचस्क्रीनला त्वचेचा स्पर्श लागतो, साध्या लोकरीतून तो कळत नाही. शिवाय बोटाच्या टोकाला कीबोर्डची कळ जाणवली नाही की दोन कळा एकदम दाबल्या जातात आणि खोडाखोड वाढते. पूर्ण बोटांचे मोजे आम्ही सुरुवातीला विणले होते. घेणाऱ्यांनी स्वतःच टोकं कापली आणि मग उसवल्याची तक्रार केली. त्यातूनच आजची वीण ठरली. बोट दुसऱ्या पेरापर्यंत झाकलेलं आणि कडेला दुहेरी टाका.

"पण गार पडतात ती टोकंच ना?" हो. टोकं गार पडतात, पण त्याचं कारण बहुधा मागे असतं. बोटांच्या टोकांत धमन्या आणि शिरा थेट जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. धडाला गारवा जाणवला की शरीर आधी काळीज आणि पोटातले अवयव सांभाळतं आणि या वाटा बंद करतं. बोटं हलवणारे स्नायूही बोटांत नसतात. ते तळहातात आणि कोपर ते मनगट या भागात असतात, बोटांत फक्त त्यांच्या दोऱ्या पोहोचतात. मनगटाशी, जिथे नाडी बघतात, तिथे धमनी त्वचेच्या अगदी जवळून जाते. म्हणून पातळ शर्टावर बसून नुसते मोजे घातले तर आमची उत्तम जोडीही हरते. आधी अंगात एक स्वेटर किंवा जाकीट घाला. स्वेटर आम्ही विकत नाही, तरी हेच सांगतो. नंतर मनगट झाका. आमची लांब कफाची जोडी कोपराखालच्या अर्ध्या हातापर्यंत येते. ज्यांनी ती घेतली त्यांच्याकडून तो दुसरा निरोप क्वचितच येतो.

माउसचा हात जास्त गार पडतो, हा भास नाही. कीबोर्डवरची बोटं निदान हलत तरी असतात, माउसवरचा हात तासन् तास एका जागी पडून असतो. तोही बऱ्याचदा टेबलाच्या गार पृष्ठभागावर किंवा लॅपटॉपच्या अॅल्युमिनियमवर. अॅल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून जास्त सहज वाहते, त्यामुळे तळहात टेकला की ऊब ओढली जाते. मनगटाखाली कापडाची जाड घडी किंवा लोकरीचा तुकडा ठेवा. यासाठी आमच्याकडून काही घ्यायची गरज नाही, जुना मफलर चालतो. माउसच्या मोज्याची करंगळीकडची कड टेबलावर घासून आधी विरते. तिथे आम्ही दुहेरी धागा घालतो आणि म्हणूनच एकेकटा मोजाही विकतो. डावा की उजवा ते मात्र कळवा. सगळे डावखुरे ते विसरतात.

यूएसबीवर गरम होणारे मोजे का बनवत नाही, असंही विचारतात. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला ०.५ अँपिअर वीज मिळते, म्हणजे जेमतेम अडीच वॅट, आणि ती दोन हातांत वाटायची. त्यात ऊब ती कितीशी येणार? वर दोन्ही मनगटांना वायर. गरम पाण्याची पिशवी मांडीवर ठेवत असाल तर ठेवा, पण कापडात गुंडाळून. ४४ अंश सेल्सिअसची वस्तूसुद्धा सहा तास त्वचेला चिकटून राहिली तर भाजते, आणि गारठलेल्या हाताला ते वेळेवर कळत नाही.

थंडीने खरंच काम बिघडतं का, असं साहेब लोक विचारतात. २००४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या अॅलन हेज यांनी एका विमा कार्यालयात महिनाभर नोंदी घेतल्या. तिथे साधारण २० अंश सेल्सिअसला टायपिंगमधल्या चुका २५ अंशाच्या मानाने खूपच जास्त निघाल्या. टेबलं मोजून नऊच होती, त्यामुळे हे आम्ही पाकिटावर छापत नाही. पण एसीचं तापमान दोन अंशांनी वाढवून मागायला तेवढा आधार पुरतो.

हात अगदीच बधिर झाले तर उभे राहा आणि सरळ हात खांद्यातून मोठ्या वर्तुळात जोरात फिरवा, वीस-पंचवीस वेळा. रक्त बोटांकडे फेकलं जातं. ऑफिसात लोक बघतील, बघू द्या. सिगारेट ओढायला बाहेर जाऊन हात गरम होतील असं वाटत असेल तर उलट होतं, निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. हात धुऊन आल्यावर बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा, मगच मोजे घाला.

एक गोष्ट मोज्याने सुटणारी नाही. थोड्याशा गारव्याने बोटं ठळक पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील, तर तो रेनो यांच्या नावाने ओळखला जाणारा त्रास असू शकतो. या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. असं होत असेल तर आम्हाला नव्हे, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी मोजे घालायला सांगितलं तर माप वर दिल्याप्रमाणे घ्या.

नवी जोडी मागवताना हाताचा घेर सेंटिमीटरमध्ये, माउसचा हात कोणता आणि कफ आखूड हवा की लांब, एवढंच लिहा. "मध्यम बहुतेक" असं लिहून आलं की आम्ही विणायला घेत नाही, आधी परत विचारतो. त्यात दोन दिवस जातात.