डॉक्युमेंटेशन कशात वाचायचं? टर्बो सीच्या हेल्पपासून झीलपर्यंतची पार्श्वभूमी

डॉक्युमेंटेशन म्हणजे एखादी भाषा किंवा कमांड कशी वापरायची ते सांगणारी पानं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते बेल लॅब्जमध्ये लिहिलं, आणि पुढे तीच पानं ‘मॅन’ कमांडने पडद्यावर दिसू लागली. लिनक्सवर ती आजही आहेत आणि त्यांना नेट लागत नाही. विभागांची रचना मात्र ठाऊक हवी. नुसतं ‘मॅन प्रिंटएफ’ टाकलं की शेलच्या (कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या) कमांडचं पान उघडतं. सी भाषेतलं त्याच नावाचं फंक्शन हवं असेल तर मध्ये ३ घालावा लागतो, कारण लायब्ररी फंक्शनं तिसऱ्या विभागात असतात.

सांगली-साताऱ्याकडच्या बहुतेकांची सुरुवात मात्र सीचे प्रोग्राम लिहायच्या आणि चालवायच्या टर्बो सी या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर झाली. फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ१ दाबायचं. हेडर फाइल कुठली, आर्ग्युमेंट्स कोणती, परत काय मिळतं हे सगळं समोर यायचं आणि खाली एक छोटं उदाहरण असायचं. ते उचलून एडिटरमध्ये टाकायचं आणि चालवून बघायचं. नेटकॅफेचा तास परवडत नसणाऱ्या कितीतरी पोरांनी सी अशीच शिकली. या हेल्पचा खरा गुण सोयीपेक्षा वेगळा होता: ती कंपायलरसोबतच (प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) यायची, त्यामुळे तिच्यात लिहिलेलं त्या मशीनवर चालणारच.

हे किती मोलाचं होतं ते नेट आल्यावर कळलं. टर्बो सी++ ३.० नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, तर सी++ चं पहिलं स्टँडर्ड १९९८ चं. नेटवरचा प्रोग्राम उतरवून घ्यावा, तर त्यात नव्या स्टँडर्डप्रमाणे आयओस्ट्रीम या हेडर फाइलीच्या नावापुढे ‘.एच’ नसायचं, टर्बोला मात्र ते हवं, म्हणून पहिल्याच ओळीला एरर. माहिती बरोबर, कंपायलरही ठणठणीत, पण दोघांचा काळ वेगळा. पोरांना वाटायचं, आपलंच डोकं चालत नाही.

मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये सीएचएम हा हेल्पचा प्रकार आणला. अख्खं मॅन्युअल एका फाइलीत, डावीकडे अनुक्रमणिका आणि शोधायची सोय. नेट महाग आणि भारनियमन रोजचं, अशा काळात वेबसाइट बनवायच्या पीएचपी या भाषेच्या मॅन्युअलची अशी फाइल पेनड्राइव्हवरून रूमारूमांत फिरायची. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर या फाइलीने नवीच कटकट लावली. नेटवरून उतरवलेली फाइल उघडली की डावीकडे यादी दिसायची, उजवीकडे पान येईचना. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक केलं की सुरू. पण मोठी अडचण फाइलीच्या वयाची होती. पीएचपी ७ ने २०१५ च्या अखेरीस मायएसक्यूएल डेटाबेससाठीची जुनी फंक्शनं काढून टाकली, तरी पेनड्राइव्हवरची फाइल तीच शिकवत राहिली.

वेबवर २००५ मध्ये वेबच्या डॉक्युमेंटेशनचं मोझिलाचं डेव्हलपर सेंटर आलं, २००८ मध्ये प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो. स्टॅक ओव्हरफ्लोने २०१६ मध्ये स्वतःचं डॉक्युमेंटेशनही काढून पाहिलं आणि वर्षभरात गुंडाळलं. वेबमुळे नवी माहिती लगेच मिळू लागली, पण सर्च इंजिन कुठल्या आवृत्तीच्या पानावर नेऊन सोडेल याचा नेम नाही.

मॅकवरचं डॅश हे ऑफलाइन डॉक्युमेंटेशन वाचायचं ॲप आलं ते या गोंधळावर उपाय म्हणून. पाठोपाठ २०१३ च्या सुमारास विंडोज-लिनक्ससाठी झील आणि ब्राउझरमध्ये चालणारं डेव्हडॉक्स आलं. झील डॅशचेच डॉकसेट वापरतं. डॉकसेट म्हणजे एचटीएमएल पानांचा फोल्डर आणि सोबत एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधली सूची, म्हणून नाव टाइप करता करताच पान समोर येतं. डेव्हडॉक्समध्ये पायथॉन भाषेची कुठली आवृत्ती हवी ते निवडून ती ऑफलाइन साठवता येते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ऑफलाइनची गरज संपली असं वाटू लागलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या पूरग्रस्त भागात वीजच तोडावी लागली. तिथे बॅटरी असेपर्यंत लॅपटॉपवर साठवलेलं तेवढंच हाताशी होतं.

आता एआयला विचारायची सोय आहे. उत्तर झटकन मिळतं, पण त्यात दोन आवृत्त्यांची सरमिसळ सहज होते. माझा कौल भाषेसोबत येणाऱ्या हेल्पला, मग झील किंवा डेव्हडॉक्सला. पायथॉनमध्ये पायडॉक ही सोबतची हेल्प २००१ पासून आहे आणि ते तुमच्या मशीनवर बसवलेल्या मॉड्यूलांचीच माहिती दाखवतं. रस्ट या भाषेत ‘रस्टअप डॉक’ ही कमांड बसवलेल्या आवृत्तीचीच पानं उघडतं. पायडॉक दिसायला रुक्ष आहे आणि उदाहरणं बेताचीच, टर्बोच्या हेल्पइतकी तर नाहीतच.