सशस्त्र संघर्षाने विस्थापित झालेल्यांचे मानसिक आरोग्य (ग्रामीण विदर्भ)

युद्ध, बंडखोरी किंवा सशस्त्र दहशत यांमुळे गाव सुटलेल्या माणसांच्या मनावर होणारे परिणाम व त्यांवरील उपचार. विदर्भात हा प्रश्न मुख्यतः पूर्वेकडच्या गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतला आहे. तिबेटमधून 1959 नंतर निघालेल्या लोकांची नॉर्गेलिंग वसाहत 1972 मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ उभी राहिली. पूर्व पाकिस्तानातल्या दंगलींतून आलेली बंगाली कुटुंबे चामोर्शी, मुलचेरा भागात वसवली गेली. या दोन्ही लोकांना सरकारने निदान जागा तरी दिली.

तिसऱ्या गटाला तेही मिळाले नाही. गडचिरोलीत 1980 च्या दशकापासून चाललेल्या नक्षल संघर्षात छावण्या उभ्या राहिल्या नाहीत, लोंढे निघाले नाहीत. एखाद्यावर पोलिसांचा ‘खबऱ्या’ असल्याचा ठपका येतो आणि ते कुटुंब शेत, गुरे, मोहाची झाडे मागे ठेवून तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत येते. दलम, म्हणजे नक्षल्यांची सशस्त्र तुकडी, सोडून आत्मसमर्पण केलेल्यांनाही बहुधा आपल्या गावी परतता येत नाही. देशांतर्गत विस्थापितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे असे घर कोणत्याच यादीत बसत नाही. मारल्या गेलेल्या माणसाचा शोक उघडपणे करणेही अवघड असते, कारण त्याच्यासाठी रडणे म्हणजे कुठली तरी बाजू घेणे ठरते. दाबून ठेवलेला हा शोक या भागातल्या मनोविकारांचा फार दुर्लक्षित भाग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 मधील अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागातल्या सुमारे 22 टक्के लोकांना कोणत्याही वेळी नैराश्य, चिंताविकार, आघातोत्तर तणावविकार यांसारखा काही ना काही मानसिक विकार असतो. बाकीच्यांची झोपमोड, दचकणे, आठवणींचा उमाळा ही दुःखाची स्वाभाविक रूपे असतात आणि आधार मिळाला की बहुतेकदा ओसरतात. त्यांना रोगी ठरवू नये. दवाखान्यात येणारा माणूस ‘मी उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही. छाती धडधडते, डोके जड होते, जीव लागत नाही, असे सांगतो. अनेकजण आधी पुजाऱ्याकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक उपचारकर्त्याकडे जातात. तिथे निदान माडिया या आदिवासी बोलीत बोलता येते, दवाखान्यात दुभाषी शोधावा लागतो. तिबेटी वैद्यकात अशी अस्वस्थता ‘लुंग’ म्हणजे वायू बिघडल्याने होते असे मानतात.

आघाताची आठवण जितकी छळते, तितकाच रोजचा जाच छळतो, हे विस्थापितांवरील संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. मजुरी मिळेल का, मुलाला दाखला मिळेल का, वनहक्काचा दावा गाव सोडल्यावर टिकेल का? बंगाली वसाहतींतल्या नमःशूद्रांना पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे, महाराष्ट्रात नाही. ही टोचणी नातवंडांपर्यंत पोचली आहे. म्हणून औषधाच्या चिठ्ठीइतकेच तलाठ्याकडचे काम करून देणे हाही उपचारच मानला पाहिजे.

प्रसंग घडताच एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत आता टाळली जाते. सुरक्षितता, अन्न, नातलगांशी गाठ आणि माणसाला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारे कोणी, हे आधी लागते. तीव्र नैराश्य किंवा चित्तविकृती असेल तर मात्र औषध आणि नियमित तपासणी हवीच. ती जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मिळते, मोठा आजार असल्यास नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जावे लागते. भामरागडहून गडचिरोलीच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. अशा वेळी गोळ्या अचानक तुटल्या तर आजार उलटू शकतो. त्यामुळे पुराआधी जसे धान्य पोचवतात, तसा या औषधांचाही साठा प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलेला असावा लागतो. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य कार्यक्रमाची 14416 ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून मराठीतही उपलब्ध आहे; जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे आशा कार्यकर्तीच पहिला दुवा ठरते.